शाळेतले दान आणि शाळेतला धडा

शाळांमधून सध्या दोन शब्दांची फार चलती आहे. एक ‘प्रकल्प’ आणि दुसरा ‘सामाजिक उपक्रम’. पहिल्याच्या नावाखाली पुठ्ठ्याची सूर्यमाला, कापसाचे ढग आणि रंगीत कागदाचे जलचक्र तयार होते. दुसऱ्याच्या नावाखाली वर्षातून एकदोनदा पैसे, वह्या, जुने कपडे अथवा धान्य गोळा करून ते एखाद्या संस्थेला पोचते केले जाते. दोहोंमागचा हेतू चांगला आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु प्राथमिक वर्गांना संगीत शिकविण्याच्या निमित्ताने या शहरातील चारदोन शाळांत माझे नित्य जाणेयेणे असते, आणि तेथे जे दिसते त्यावरून असे वाटते की, या दोन्ही गोष्टींत मुलाने करावे असे फारसे काही उरलेले नाही. सूर्यमाला वडील करतात किंवा तयार विकत आणतात, पैसे आई देते, पाकिटावर नाव बाई लिहितात, आणि मूल छायाचित्रापुरते पुढे उभे राहते.

‘प्रकल्प’ ही कल्पना मुळात अशी नव्हती. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातील अध्यापक विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली या पद्धतीवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की, मुलाने एखादा हेतू मनापासून आपला मानला आणि तो तडीस नेण्यासाठी हातपाय हलविले, तरच त्या कामातून शिक्षण घडते. किलपॅट्रिक हे जॉन ड्यूई यांचे शिष्य. याच ड्यूईंच्या वर्गात आपल्या बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली कोलंबियाला गेलेला एक विद्यार्थी बसत होता. पुढे तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून देशाला ज्ञात झाला. तेव्हा हा विचार परका आहे, असे निदान बडोदेकरांनी तरी म्हणू नये.

शिवाय आपल्याकडेही तो स्वतंत्रपणे उगवला होताच. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, तिचे सूत्र हेच की, हाताने करावयाच्या कामाभोवती गणित, भाषा आणि भूगोल गुंफले जावेत. त्याच्याही आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात ताराबाई मोडक काम करीत होत्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या आणि १९५७ साली कोसबाडला. तेथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी मॉन्टेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने, खडे यांच्यावर मुलांना मोजायला आणि वेचायला शिकविले. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मराठी बाई गुजराती गुरूजवळ तयार होते आणि तो धडा ठाण्याच्या आदिवासी पाड्यांवर नेते, ही गोष्ट आपल्यासारख्या दोन भाषांच्या शहराने विसरण्याजोगी नाही. त्या बालवाडीत बाजारातून विकत आणलेले असे काय होते? पण प्रत्येक वस्तू मुलाच्या हाताखालून गेलेली होती.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. शाळेत दान शिकवावे की नाही, असा माझा प्रश्न नाही. ते शिकविलेच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, आज जे शिकविले जाते ते दान आहे काय? बहुतेक ठिकाणी रीत ठरलेली असते. पालकांकडे चिठ्ठी जाते, किमान रकमेचा ‘ऐच्छिक’ आकडा तीत असतो, वर्गवार बेरीज होते, आणि प्रार्थनेच्या वेळी सर्वाधिक रक्कम आणणाऱ्या मुलांची नावे वाचली जातात. मी पूर्वी जेथे शिकवीत असे त्या एका शाळेत दुसरीतला एक मुलगा होता. त्याचा आवाज निसर्गतःच तयार. तार षड्ज सहज लावी. नावे वाचण्याच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, “सर, उद्या माझ्या पोटात दुखणार आहे.” पोटदुखी आदल्या दिवशी कळते, यातच सारे आले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पूरग्रस्तांसाठी चांगली रक्कम जमली म्हणून शाळेचे कौतुक झाले. त्या मुलाच्या मनात काय जमा झाले, त्याची बेरीज कोणी केली नाही.

ही गोष्ट एका मुलापुरती नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि खाजगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवणे आवश्यक झाले. कायदा चांगलाच आहे. परंतु त्यामुळे झालेला एक बदल शाळांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. पूर्वी ‘गरिबांसाठी मदत’ म्हणून जी पेटी फिरत असे, ती फिरविणारे आणि जिच्यातले घेणारे वेगवेगळ्या वस्तीत राहत. आता दोघे एका बाकावर बसतात. फळ्यावर ‘गरीब मुलांना जुने कपडे द्या’ असे लिहिलेले असते आणि ते वाचणाऱ्यांतच ज्याला पाहुणा म्हणून नव्हे तर हक्काने बसविले आहे, असा मुलगा असतो. त्या वाक्यातून तो काय शिकतो? आणि त्याच्या शेजारचा काय शिकतो? एकजण शिकतो की आपण घेणारे आहोत. दुसरा शिकतो की आपण देणारे आहोत. सातव्याआठव्या वर्षी शिकलेली ही गोष्ट पुढे कोणत्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने पुसली जात नाही. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

थोड्या पैशांतून मोठी कामे उभी करण्याची आपली परंपरा याहून पुष्कळ शहाणी होती. महाराज सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. पण १९१० नंतर राज्यात जी गावोगावची ग्रंथालये उभी राहिली त्यांची रीत फारशी सांगितली जात नाही. महाराजांना सारा खर्च खजिन्यातून करता आला असता. त्यांनी तसे केले नाही. गावकऱ्यांनी जितकी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने घालावी आणि तितकीच सरकारने, असा तिहेरी वाटा ठरला. गावाचा वाटा लहान असे, पण तो पहिला असे. ग्रंथालय ‘सरकारने दिलेले’ न राहता ‘आपले’ झाले ते या पहिल्या वाट्यामुळे.

महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातील मुलांसाठी घरोघर मूठमूठ धान्य बाजूला काढण्याची मुष्टिफंडाची रीत घातली. त्याच संस्थेत मुले शेतात राबून शिकत. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. पैसा किंवा मूठ हे माप मुद्दामच असे निवडले होते की श्रीमंताला त्याहून जास्त देऊन मिरवता येऊ नये आणि गरिबाला ते देता न आल्याची लाज वाटू नये. दानाचे माप ठरविणाऱ्यांनी माणसाचे मन आधी मोजले होते.

यावर कोणी म्हणेल, ते दिवस गेले. म्हणून अलीकडचे एक उदाहरण देतो. विश्वामित्रीच्या पुराची बडोद्याला सवय आहे, असे म्हणण्याची पाळी आली आहे. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस कोसळला होता. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तर नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली आणि शहराचा मोठा भाग पाण्यात गेला. त्यानंतर सर्व शाळांतून मदतीच्या चिठ्ठ्या निघाल्या. मी शिकवितो त्या एका शाळेत तिसरीच्या वर्गशिक्षिकेने मात्र चिठ्ठी काढली नाही. तिने मुलांना विचारले की, नदीकाठच्या अंगणवाडीतही पाणी शिरले होते, तर तेथील मुलांना काय द्यावे? उत्तरे आली: चॉकलेट, रंगपेटी, रिमोटची मोटार. बाई म्हणाल्या, “हे तुम्हाला काय हवे ते झाले. त्यांना काय हवे, ते त्यांनाच विचारू या.”

चार मुले, बाई आणि एक पालक तेथे जाऊन आले. अंगणवाडीच्या बेननी सांगितले की, सतरंज्या चिखलाने कुजल्या, फरशीची ओल हटत नाही, मुलांना बसायला काही नाही. झाले, वर्गाचा प्रकल्प ठरला. चोवीस मुलांना चोवीस आसने. पैसे आणायचे नाहीत, घरात असेल ते सुती जुनेर आणायचे. आणि असे जुनेर नसलेले घर, लहान असो वा मोठे, सापडणे कठीण.

पुढचे तीन आठवडे त्या वर्गात जे गणित झाले ते मी दाराशी उभा राहून पाहिले आहे. आधी शेजारच्या बालवर्गातली मुले खाली बसवून खडूने त्यांच्याभोवती रेघ मारली, तेव्हा कळले की लहान मुलाला पंधरा इंची चौकोन पुरतो. पाचवारी पातळ म्हणजे एकशे ऐंशी इंच लांब, पन्हा पंचेचाळीस इंच. आडवे तीन, उभे बारा, एकूण छत्तीस चौकोन. मुले आनंदाने ओरडली, एका पातळात छत्तीस आसने! मग एकीने कापडाचा एक चौकोन जमिनीवर टाकला, त्यावर बसली आणि म्हणाली, “बाई, गार लागतंय.” तेव्हा चार पदर घ्यायचे ठरले, छत्तीसाची नऊ झाली आणि तीन पातळांचा हिशेब लागला. पुस्तकात सेंटिमीटर, शिवणाच्या टेपवर इंचही, आणि घरून आलेल्या आजीच्या तोंडी वीत आणि वार. भागाकार कशासाठी असतो, हे त्या वर्गाला त्या दिवशी कळले असावे.

ती आजी एका रिक्षाचालकाच्या आईच होत. घरी गोदड्या शिवण्याचे काम करीत आल्या होत्या. वर्गातल्या कोणत्याही डॉक्टर-वकिलाच्या घरात हे कसब नव्हते. खुर्ची नको म्हणून त्या जमिनीवरच बसल्या आणि मुलामुलींना भोवती घेऊन धावदोरा शिकविला. नातू शेजारी उभा राहून इतरांच्या सुईत दोरा ओवून देत होता. रकमेची यादी निघाली असती तर हा मुलगा शेवटी राहिला असता. येथे त्याच्यावाचून कोणाचे चालत नव्हते. टाके वाकडे पडले, बोटांना सुया टोचल्या, दोन आसने पुन्हा उसवावी लागली. मी त्या तासाला पेटी उघडली नाही. हाताला लय सापडली की टाका आपोआप सरळ पडतो, एवढे मात्र सांगितले.

आसने द्यायला वर्ग गेला तेव्हा भाषण झाले नाही, फीतही कापली नाही. अंगणवाडीतली मुले आसनांवर बसली आणि बेननी त्यांना गाणे म्हणायला लावले. हींचच्या ठेक्यातले एक गुजराती बालगीत टाळ्यांच्या साथीवर त्यांनी असे म्हटले की, आमची मुले पाहत राहिली. परत आल्यावर ती मला म्हणाली, “सर, ते गाणे आम्हाला येत नाही. शिकवा.” मी ते अंगणवाडीतच जाऊन ऐकून आलो. आता ते माझ्या तासाला होते, आणि मुले त्याला ‘त्यांनी दिलेले गाणे’ म्हणतात.

या शब्दात मला साऱ्या विषयाचे मर्म दिसते. माझे वडील दरबारी कलावंत होते. दरबार गेल्यावरही काही शब्दांविषयी ते फार काटेकोर असत. कोणी त्यांच्यादेखत ‘महाराजांनी गवयाला दान दिले’ असे म्हटले की ते लगेच दुरुस्ती करीत: “दान नव्हे, बिदागी.” बिदागी घेणारा आधी काही देऊन बसलेला असतो. ती वाकून घ्यावयाची, पण किती वाकावयाचे याचीही रीत असते. घेणाऱ्यालाही देता आले पाहिजे, त्याची तेवढी पत राखणे हे देणाऱ्याचे काम आहे, हे मी त्या एका दुरुस्तीवरून शिकलो. त्या अंगणवाडीतल्या मुलांनी गाणे दिले नसते तर आसने ही भीक ठरली असती, असे मी म्हणत नाही; पण गाणे दिल्यामुळे दोन्ही बाजूंची मुले एकमेकांसमोर ताठ उभी राहिली, हे खरे.

यावर आक्षेप येतील, आणि ते अवाजवी नाहीत. चोवीस आसनांनी पूर ओसरत नाही. पूरग्रस्तांना मोठी रक्कम लागते, ती अशा शिवणकामातून कशी येणार? येणार नाहीच. ती मोठ्या माणसांनी, व्यापाऱ्यांनी, संस्थांनी आणि सरकारने द्यावी. पालकांना धनादेश द्यायचा असेल तर तो त्यांनी आपल्या नावाने द्यावा. मुलाच्या दप्तरातून कशाला? शाळेचे काम मदतनिधी वाढविण्याचे नाही, देणारा माणूस घडविण्याचे आहे. गायनाच्या वर्गात पहिल्या वर्षी मूल फक्त षड्ज लावते. त्याने जलसा होत नाही म्हणून ‘आज वडिलांनी गावे आणि टाळ्या मुलाने घ्याव्यात’ असे कोणी म्हणत नाही. देण्याचाही असा रियाज असतो, आणि तोही ज्याचा त्यालाच करावा लागतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. तीन आठवडे शिवणात गेले तर अभ्यासक्रम कधी संपवावयाचा? याचे उत्तर त्या वर्गाच्या वहीत आहे. लांबी-रुंदी, गुणाकार, भागाकार, मापांचे रूपांतर, नदीचा नकाशा, आभाराचे पत्र, आणि शिवाय एक गाणे. हे सारे अभ्यासक्रमातलेच होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. ते स्वागतार्ह आहे. पण हाताची आणि मनाची ही सवय सहावीपर्यंत थांबवून ठेवण्याचे कारण काय?

म्हणून शाळांच्या चालकांना आणि शिक्षकांना माझे काही सांगणे आहे. मदतीसाठी मुलांमार्फत पैशाचा आकडा मागू नये, तो ऐच्छिक म्हणूनही नव्हे. कोणी किती दिले, याची नावे वाचू नयेत व फळ्यावर लिहू नयेत. काय द्यायचे हे घेणाऱ्याला विचारून ठरवावे, आणि विचारायला मुलांनी, मोठ्यांच्या सोबतीने, स्वतः जावे. जमाखर्च मुलांनीच लिहावा. ७ डिसेंबरला सैन्यदलांच्या ध्वजदिनाची पेटी फिरते, तिच्यातली नाणीदेखील मुलांकडून मोजून घ्यावीत, म्हणजे पेटीत टाकलेला रुपया कोठे जातो हा प्रश्न त्यांना पडेल. आणि शेवटचे, जे बहुधा कोणी करीत नाही: काही महिन्यांनी तेथे पुन्हा जावे. आमची तिसरी दिवाळीनंतर गेली तेव्हा तीन आसनांचे टाके सुटले होते. मुलांनी ती तेथेच बसून पुन्हा शिवली. दिलेली वस्तू टिकली की नाही हे पाहायला परत जाणारा हात पुढे सार्वजनिक पैशालाही जपेल, अशी आशा करायला जागा आहे.

पालकांनाही एक विनंती करावीशी वाटते. मुलाचा प्रकल्प वाकडातिकडा झाला तर होऊ द्यावा. रात्री जागून तो आपण सरळ करून दिला, तर मुलाला पहिले बक्षीस मिळेल, पण त्याचे काम आपण काढून घेतलेले असेल. तीच गोष्ट देण्याची. मुलाच्या हाती नोट देऊन ‘पेटीत टाक’ म्हणण्यापेक्षा त्याचे स्वतःचे काय आहे, ते त्याला शोधू द्यावे. एखादे गाणे, शिवलेला टाका, धाकट्याला वाचून दाखविलेला धडा, बागेला घातलेले पाणी. सात वर्षांच्या मुलाजवळ पुष्कळ असते. ज्या राज्यात सरकारनेही गावाचा वाटा आधी येऊ दिला आणि मग आपला घातला, त्या शहराच्या शाळांत मुलाचा वाटाही आधी यावा, एवढीच अपेक्षा आहे.